पिंपभर पाणी आणि एक सुरीमासा

उणे टक्क्यांत मोजलं जाणारं धरण सोलापूरकरांना नवं नाही. उजनीत मावणाऱ्या ११७ टीएमसी पाण्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक पाणी कागदोपत्री 'मृतसाठा' धरलेलं आहे. त्यामुळे उन्हाळ्यात वरचा उपयुक्त साठा आटला की वर्तमानपत्रांत 'उजनी उणे वीस', 'उजनी उणे चाळीस' असे मथळे सुरू होतात. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठच्या आसपास जाऊन टेकला होता. हे पाणी शंभरएक किलोमीटरच्या जलवाहिनीतून शहरात येतं, चार-पाच दिवसांतून एकदा नळाला सुटतं, आणि त्यातलं थोडं कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत पडतं. त्या टाकीत नाइफ फिश असेल, तर त्याचा चुलतभाऊ त्याच वेळी तिकडे धरणात, त्याच पाण्यात, फिल्टर आणि एअर पंपाशिवाय मजेत फिरत असतो. या दोघांपैकी घरातल्याचं जगणं जास्त अवघड आहे आणि जास्त खर्चाचंही.

दुकानात तो 'क्लाउन नाइफ' या नावाने मिळतो. बोटाएवढं चंदेरी पिल्लू, दोन्ही बाजूंनी दाबून चपटं केल्यासारखं. पाठीला कुबड, पाठीवर पिसासारखा एक इवलासा पर, आणि पोटाखालून निघून शेपटीच्या टोकाला जाऊन मिळणारी एकच अखंड झालर. निमुळतं होत गेलेलं हे सगळं अंग हुबेहूब सुरीच्या पात्यासारखं दिसतं. पिल्लाच्या अंगावर काळपट उभे पट्टे असतात. मासा वाढतो तसे ते विरतात आणि शेपटीकडच्या भागात पांढऱ्या कड्यातले काळे ठिपके ओळीने उमटतात. हे आपल्या डोळ्यांदेखत घडतं, म्हणून पिल्लू विकत घेण्याचा मोह जास्त. किंमतही फारशी नसते. दुकानदार फुगवलेली पिशवी हातात देतो आणि ग्राहक विचारतो, "दोन फुटी टाकीत चालेल ना?" दुकानदार "चालेल" म्हणतो. त्या दिवसापुरतं ते खरंच असतं.

या माशाचं गणगोत आधी सांगायला हवं, कारण त्याच्या नावात बराच गोंधळ आहे. क्लाउन नाइफ म्हणजे शास्त्रीय भाषेत 'चिताला ऑर्नाटा', मूळचा थायलंड-कंबोडियाकडचा, मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांतला. त्याचा भारतीय भाऊ 'चिताला चिताला' हा गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू आणि महानदीच्या खोऱ्यांत राहतो. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली आणि बंगाली लोक म्हणत तेच 'चितल' हे नाव लॅटिन करून टाकलं. आपल्याकडे चितळ म्हटलं की ठिपक्यांचं हरीण डोळ्यांपुढे येतं. तिकडे तो मासा आहे. मूळ अर्थ एकच, ठिपकेवाला. उत्तर प्रदेशाने त्याला राज्यमासा केलं आहे आणि बंगालने ताटात मान दिला आहे. त्याच्या पाठीकडच्या मांसात बारीक काटे इतके असतात की बंगाली गृहिणी ते मांस चमच्याने खरवडून काढते, मुठीत दाबून गोळे करते आणि रश्शात सोडते. त्याला म्हणतात 'मुइठ्या'. मुठीवरून मुइठ्या, जसे आपल्याकडे मुठीवरून मुटके.

तिसरा भाऊ आपला, म्हणजे भीमेचा. 'नोटॉप्टेरस नोटॉप्टेरस', ठिपके नसलेला, काशाच्या रंगाकडे झुकणारा. त्याची कमाल लांबी ६० सेंटिमीटरपर्यंत नोंदलेली असली तरी जाळ्यात येतो तो बहुधा वीतभर किंवा थोडा मोठा. 'नोटॉप्टेरस' या नावाचा अर्थ 'पाठीवर पंख असलेला'. पीटर पालास या निसर्गअभ्यासकाने १७६९ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्याला दक्षिण अमेरिकेतल्या 'जिम्नोटस' या माशांच्या घरात नेऊन बसवलं. चूक होती, पण समजण्यासारखी. त्या चुकीकडे पुढे येऊच.

दख्खनच्या बाजूने पाहिलं तर या माशाचा मला आवडणारा उल्लेख कर्नल विल्यम हेन्री सायक्सचा आहे. मुंबई सरकारचा हा अधिकारी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत फिरला. त्याचं काम पिकं, वजनंमापं, लोकसंख्या यांच्या नोंदींचं. पण जाता जाता त्याने पक्षी टिपले, आणि भीमा, मुळा-मुठेच्या काठी कोळी-भोयांनी पकडलेले मासेही. सायक्सची एक सवय मोठी लोभस होती. काठावरची माणसं जे नाव सांगत तेच तो लॅटिनला जोडून देई. शिंगटीचं 'सीनग्टी' त्यानेच केलं, 'खुद्री' हे नावही त्याचंच, आणि ही दोन्ही नावं आजही शास्त्रात टिकून आहेत. १८३९ मध्ये त्याने आपल्या सुरीमाशाला 'मिस्टस बडगी' म्हटलं. पालासने आधीच नाव दिलेलं असल्यामुळे नियमाप्रमाणे सायक्सचं नाव बाद झालं आणि समानार्थी नावांच्या यादीत जाऊन पडलं. उजनीचं धरण बांधून पूर्ण झालं १९८० साली, म्हणजे या नोंदीनंतर सुमारे १४० वर्षांनी. भीमेचा तो वाहता डोह आता 'यशवंतसागर' झाला. जलाशयात चिलापीने बस्तान बसवलं. तरी हा जुना रहिवासी अजून आहे.

आता पालासची चूक. दक्षिण अमेरिकेत ब्लॅक घोस्ट नावाचा एक काळाकुट्ट मासा आहे. तोही दुकानात 'नाइफ' म्हणूनच विकला जातो, पुष्कळदा क्लाउन नाइफच्या शेजारच्याच टाकीत. तीच झालर, तसंच ताठ अंग, तसंच मागे-पुढे सरकणं. पण दोघांचा नातेसंबंध शोधायचा तर फार मागे जावं लागतं. ब्लॅक घोस्ट हा विजेच्या माशांच्या कुळातला. अंगातून क्षीण वीज सोडून तो अंधारात वाट शोधतो. ज्याला इलेक्ट्रिक ईल म्हणतात तो त्याचाच दांडगा भाऊबंद, आणि २०१९ मध्ये त्याच्या एका नव्या जातीचा ८६० व्होल्टचा झटका मोजला गेला. आपला सुरीमासा अशी वीज तयार करत नाही. तो अरोवानाच्या गोतातला, म्हणजे वास्तुशास्त्र आणि फेंगशुईच्या नावाखाली ज्याला ईशान्य कोपऱ्यात बसवतात त्याच्या. या गोताचं लक्षण असं, की जिभेवरही दात असतात. तोंडात शिरलेलं भक्ष्य जीभ आणि टाळू यांच्यामध्ये अडकतं आणि सुटत नाही.

दोन वेगळ्या खंडांत, दोन वेगळ्या कुळांत एकच झालर का यावी? उत्तर पोहण्यात आहे. बहुतेक मासे अंग वळवून, शेपटी मारून पुढे जातात. सुरीमासा अंग ताठ ठेवतो आणि शंभराहून अधिक काड्यांची ती झालर लाटेसारखी हलवतो. लाट पुढून मागे गेली की मासा पुढे, मागून पुढे आली की मासा मागे. वळावं लागत नाही. बुडालेल्या झाडांच्या मुळांत आणि गढूळ पाण्याच्या कपारीत रात्री शिकार करणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार? टाकीसमोर बसून हे पाहणं म्हणजे वाऱ्यावर संथ हलणारी रेशमी किनार पाहणं. पट्टीच्या पोहणाऱ्यांमध्ये माझ्या मते या माशाचा क्रमांक फार वरचा आहे, आणि तो पाळावासा वाटणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

मात्र हा शिकारी आहे, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. दिवसभर तो कोपऱ्यात, फिल्टरच्या मागे, डोकं खाली करून तरंगत राहतो. नवखा मालक म्हणतो, मासा आजारी आहे. सकाळी मोजणी केली की गप्पी दोन कमी. दुसऱ्या दिवशी निऑन टेट्रांचा थवा विरळ. त्याचा हिशेब साधा आहे. जे तोंडात मावतं ते अन्न, मावत नाही ते शेजारी. तोंड दिसतं त्याहून बरंच मोठं उघडतं आणि दर महिन्याला आणखी मोठं होतं, म्हणून मागच्या महिन्यातला शेजारी या महिन्यात अन्न होऊ शकतो. भांडकुदळ म्हणावा तर तसा नाही. मोठ्या, शांत माशांना तो त्रास देत नाही. आपल्याच जातभाईशी मात्र मोठेपणी जमत नाही.

'मासा टाकीएवढाच वाढतो' हे वाक्य या छंदातलं सगळ्यांत महागडं असत्य आहे. लहान टाकीत मासा खुरटतो तो पाण्यात साचलेल्या घाणीमुळे आणि आजारामुळे. क्लाउन नाइफ नीट खायला मिळालं तर वर्ष-दीड वर्षात फूटभर होतो, पुढे दोन-अडीच फुटांपर्यंत जातो. नदीत तो मीटरभर वाढलेला आढळतो. आयुष्य दहा वर्षांहून जास्त. म्हणजे पहिलीतल्या मुलीच्या हट्टासाठी आणलेला मासा ती अकरावीला जाईल तेव्हाही घरात असणार.

इथे जरा आकडेमोड करू, कारण पिशवीतलं पिल्लू घेताना ती कुणी करत नाही. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत ६८० लिटर पाणी मावतं. ही झाली तरुण माशाची टाकी. पूर्ण वाढलेल्याला रुंदीच महत्त्वाची, कारण अडीच फुटी मासा दोन फुटांच्या रुंदीत वळताना काचेला नाक घासतो. आठ फूट, तीन फूट, अडीच फूट धरलं तर १,७०० लिटर. पाण्याचंच वजन १,७०० किलो, काच आणि लोखंडी घोडा वेगळा. राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरून आखतात. या टाकीखाली तोच भार ७५० किलोच्या पुढे जातो. तळमजल्याची फरशी असेल तर काळजी नाही. वरच्या मजल्यावर अभियंत्याला विचारल्याशिवाय ठेवू नये. आणि जुन्या सोलापुरातल्या लाकडी तुळयांच्या, मातीच्या माळवदाच्या घरात वरच्या खणात ती ठेवायचा विचार तर मनातही आणू नये.

पाण्याचं गणित त्याहून टोकदार आहे. मांसाहारी मासा खातो जास्त आणि घाणही जास्त करतो. त्या घाणीतून अमोनिया सुटतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनियाच्या मानाने नायट्रेट बरंच सौम्य, पण ते साचत जातं आणि बाहेर काढायचा रोजचा मार्ग एकच, पाणी बदलणं. आठवड्याला ३० टक्के म्हटलं तर ६८० लिटरच्या टाकीला दोनशे लिटर लागतं. म्हणजे सोलापुरातल्या प्रत्येक मोरीत उभं असलेलं एक निळं पिंप. मोठ्या टाकीला अडीच पिंपं. ज्या घरात पाचव्या दिवशी नळ येतो, तिथे आठवड्याच्या हिशेबात एक माणूस वाढल्यासारखंच हे आहे. काढलेलं पाणी गटारात ओतू नये, कुंड्यांना घालावं. त्यातलं नायट्रेट झाडांचं खतच असतं. जास्वंद ते आनंदाने पिते.

या टंचाईचा एक फायदाही आहे, आणि तो इतर शहरांतल्या पुस्तकांत सापडणार नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतं आणि फिल्टरमधले जिवाणू मारतं. पुण्या-मुंबईचा छंदी माणूस त्यासाठी बाटलीतलं अँटी-क्लोरीन टाकतो. सोलापुरात पाणी पिंपात दोन-तीन दिवस साठवलेलंच असतं, झाकण सैल असेल तर क्लोरीन आपसूक उडून जातं. बोअरचं पाणी वापरायचं तर गोष्ट वेगळी. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारं ते पाणी जड असतं. सुरीमासा थोडं जड पाणी सोसतो. पण पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं गरम, तितका त्यातला अमोनिया जास्त विषारी होतो, आणि गरम म्हटलं की सोलापूरचा एप्रिल-मे आलाच.

चाळिशी ओलांडलेल्या दुपारी बंद खोलीतली टाकी ३३-३४ अंशांवर सहज पोहोचते. २५ अंशाच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशाला तो सातच्या खाली येतो. नेमक्या त्याच वेळी माशाची भूक आणि प्राणवायूची गरज वाढलेली असते. इथे सुरीमाशाकडे एक हुकमी पान आहे. तो पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि पोटातल्या हवेच्या पिशवीतून प्राणवायू शोषतो. डबक्यात, कुजलेल्या पानांच्या पाण्यात तो तगतो तो याच्या जोरावर. म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये तीन-चार बोटं हवा ठेवावी. झाकण मात्र हवंच आणि त्यावर वजनही हवं, कारण घाबरला की हा मासा उडी मारतो.

गारव्यासाठी महागडा चिलर घेण्याआधी माठ आठवावा. पाण्याच्या पृष्ठभागावरून टेबलफॅनचा वारा सोडला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. कोकणात हा उपाय जेमतेम चालतो, सोलापूरच्या कोरड्या हवेत झकास. किंमत म्हणून रोज पाणी घटतं, आणि वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. नुसती भर घालत राहिलं तर टाकी हळूहळू खारट होत जाते. वीज गेली तर मासा हवा पिऊन निभावतो, पण फिल्टरमधले जिवाणू तासन्‌तास बंद पाण्यात गुदमरतात. सोलापूरच्या पूर्व भागात घराच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालत असेल तर टाकी त्या भिंतीला टेकवू नये. माशाच्या अंगाच्या कडेने कंपनं टिपणारी एक रेषाच असते, आणि रात्रपाळीचा खडखडाट त्याला आपल्याहून जास्त जाणवतो.

खाण्याबद्दल माझं मत कडक आहे. जिवंत गोल्डफिश सोडून पाहुण्यांना तमाशा दाखवणं बंद करावं. स्वस्तातले असे मासे दाटीवाटीने ठेवलेले असतात, त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि परजीवी टाकीत येतात. वर गोल्डफिशच्या अंगात ब१ जीवनसत्त्व मोडणारं एक विकर असतं, त्यावरच वाढवलेला मासा पुढे झिजतो. सोललेली कोळंबी, गांडुळं, आणि काटे काढलेली उजनीची चिलापी, एवढ्यावर हा मासा ठणठणीत राहतो. पिल्लू असताना रोज, मोठा झाल्यावर दिवसाआड. सवय लागली की तो चिमट्यातून तुकडा उचलतो. त्याचे खवले अगदी बारीक असतात, त्यामुळे तांबं असलेली औषधं दुकानदार सांगेल त्या मापाने ओतू नयेत. निम्म्यापासून सुरुवात करावी.

एवढं सगळं करूनही पुष्कळांच्या घरी तिसऱ्या वर्षी तो प्रसंग येतो. मासा दोन फुटांचा, टाकी चार फुटांची, बदली झालेली किंवा घरात बाळ आलेलं. दुकानदार परत घेत नाही. मग कुणीतरी सुचवतं, शहरातल्या संभाजी तलावात सोडून देऊ, पुण्य लागेल. बादली भरते.

जगात हे पुण्य बऱ्याच ठिकाणी लागलं आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या तळ्यांमध्ये क्लाउन नाइफ असाच सुटून स्थायिक झाला आणि आता लोक त्याला गळाने पकडायला लांबून येतात. फिलिपिन्सच्या लगुना दे बाय या प्रचंड सरोवरात तो इतका माजला की मच्छीमारांच्या पाळीव माशांवर त्याने हात मारला, आणि सरकारला तो वेचून काढण्याची मोहीम घ्यावी लागली. त्याला कारण त्याचं पितृत्वही आहे. मादी बुडालेल्या लाकडावर अंडी घालते आणि नर त्यांच्यावर पहारा देतो, पराने वारा घालतो, जवळ येणाऱ्यावर धावून जातो. अशी राखण केलेली पिढी उघड्यावर टाकलेल्या अंड्यांपेक्षा जास्त जगते. केरळात २०१८ च्या महापुरानंतर चालाकुडी नदीत अरापायमा सापडला, अ‍ॅमेझॉनमधला राक्षसी मासा. पुरात तो कुणाच्या तरी पाळणुकीतून सुटला असावा.

आपल्याकडे दाखले शोधायला लांब जावं लागत नाही. टाकीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा आज उजनीत भोयांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. संभाजी तलावावर पसरणारी जलपर्णीसुद्धा एकेकाळी शोभेची म्हणूनच या देशात आणलेली. उजनीत क्लाउन नाइफ सुटला तर तो सायक्सच्या 'बडगी'च्याच कपारी, त्याचेच लाकडी ओंडके आणि त्याचीच लहान मासळी वाटून घेईल, आणि आकाराने तो दुप्पट-तिप्पट आहे. पाऊस झाला, दरवाजे उघडले की तिथून पंढरपूर फार लांब नाही.

म्हणून ज्याला पाळायचाच आहे त्याने आधी मोठी टाकी बांधावी, मग पिल्लू आणावं. उलट क्रमाने केलेलं कधी पुरं होत नाही. तळमजल्यावर अंगणाच्या कडेला सिमेंटचा हौद, समोरून एक काच, वर जाळीचं झाकण, हे काचेच्या टाकीहून स्वस्त आणि उन्हाळ्यात गार. आत सहा-आठ इंची पीव्हीसी पाइपाचा अंगाला पुरेल एवढा तुकडा टाकावा, त्याची दिवसाची खोली तीच. दिवा मंद. दुसरा मासा शक्यतो नकोच.

दिवसा त्याच्यापाशी बसून काही हाती लागत नाही. तो पाइपात असतो. रात्री दोन-अडीचला, गल्लीत कुणीतरी "पाणी आलं" म्हणून ओरडतं, घरोघरी मोटारी सुरू होतात, पिंपं सरकवल्याचा आवाज येतो. तेव्हा मोरीतला दिवा लावला की त्या उजेडात टाकीतलं पातं बाहेर आलेलं दिसतं. झालरीवर लाट उठते, मासा सरळ वर येतो, तोंडाने 'टुप्प' आवाज करून हवेचा एक घोट घेतो आणि तोंड न वळवता तसाच मागे मागे पाइपात शिरतो. नळी पिंपात सोडलेली असते. पिंप अजून अर्धंच भरलेलं असतं.